भात पोटरीत येण्याआधी उंदरांचा बंदोबस्त: दोन दिवस साधे आमिष, मगच विष

गणपती गेले, पावसाने उघडीप दिली की मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या खाचरांत उंदीर बांधावरून पिकात उतरतो. हळवे (लवकर तयार होणारे) भात निसवले आहे, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या आहेत, तिथे उशीर झालाच. निमगरवे (मधल्या मुदतीचे) आणि गरवे (उशिरा तयार होणारे) अजून पोटरीत नाही, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात भरलेली नाही, तोवर ते हातात आहे. दाण्यात दूध भरले की उंदीर तुमच्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून कामाला याच आठवड्यात लागा. जमिनीपासून दोन-चार बोटांवर तिरके कापलेले फुटवे दिसले तर एक दिवसही थांबू नका.

दरवर्षी पीक जाते ते एकाच चुकीने. पुडी आणली की त्याच संध्याकाळी विष टाकले जाते. उंदीर नवे खाणे आधी जेमतेम कुरतडून बघतो. पुडीतल्या झिंक फॉस्फाईड या विषाच्या तेवढ्या घासाने तो मरत नाही, पण आजारी पडतो आणि पुन्हा त्या आमिषाजवळ फिरकत नाही. मग 'औषधच बोगस' म्हणून दुकानदार दुसरी, महाग पुडी गळ्यात मारतो. औषध बोगस नव्हते, आधीचे दोन दिवस चुकवले होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे चिखलाने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ते उंदराचे. ओल्या चिखलाच्या गोळ्या असतील तर खेकड्याचे, तिथे आमिष वाया घालवू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जिवंत बिळांत तेल लावलेला तांदळाचा भरडा, बिळाला १५-२० ग्रॅम. पुस्तकात नाही, पण चिमूटभर सुक्या जवळ्याची पूड घातली की उंदीर लवकर धीट होतो. विषाच्या दिवशीही तोच वास ठेवा.

चौथ्या दिवशी विष: भरडा ९६० ग्रॅम, गोडेतेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम. काठीने कालवा, हात लावू नका, पाणी अजिबात नको. ओल लागली की विषारी वायू सुटतो. कागदाच्या पुडीत १० ग्रॅम, वीतभर आत सरकवा आणि तोंड बुजवा. एका किलोत शंभर बिळे होतात. आभाळ भरून आले असेल तर एक दिवस पुढे ढकला. या विषावर उतारा नाही. पोरे, कोंबड्या, कुत्री दूर ठेवा.

बाकीची कामे:
- बांधावरचे गवत कापणे
- मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरणे
- घुबडासाठी पक्षीथांबे. दाणा भरू लागताच काढणे
- धामण न मारणे
- पायाला जखम असेल तर खाचरात न उतरणे. ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर लेप्टोसाठी (उंदराच्या मुतातून होणारा ताप) लगेच सरकारी दवाखाना

उंदीर पळवणारी आवाजाची यंत्रे घेऊ नका. फोरेट या कीटकनाशकावर २०२० अखेरपासून बंदी आहे, कुणी जुना साठा दिला तरी आमिषात मिसळू नका. रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडणे तर माणसाच्याच जिवावर बेतते.

दहा दिवसांनी बिळे पुन्हा लिंपा. जी उघडतील त्यांत झिंक फॉस्फाईड या हंगामात परत नको. त्याऐवजी ब्रोमाडिओलोन हे दुसरे विष: ०.२५ टक्क्यांचे २० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, भरडा ९६० ग्रॅम. बिळाला १५ ग्रॅम. हे सावकाश मारते, त्यामुळे उंदराला संशय येत नाही आणि साध्या आमिषाची गरज नाही. शेजारच्या खाचरवाल्यालाही त्याच दिवशी सोबत घ्या, नाहीतर त्याच्या बांधावरचे उंदीर आठवड्यात तुमच्याकडे येतात.