जुन्या डेस्कटॉपचं वायफाय कार्ड तपासण्याआधीची तयारी

वायफाय बंद पडलं की अनेकांचा हात थेट स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कॅबिनेट शेवटी उघडा. दहा-बारा वर्षं चाललेल्या डेस्कटॉपमध्येही दोष बऱ्याचदा ड्रायव्हरचा (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), अँटेनाचा नाहीतर राउटरच्या सेटिंगचा निघतो, आणि चांगलं कार्ड उगाच बदललं जातं. ते टाळायला काही गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली सोय इंटरनेटची, कारण ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि बंद पडलंय तेच. राउटर जवळ असेल तर लॅन केबल लावा. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून संगणकाला मिळतं. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे होत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटा वाचतो. जोडीला एक रिकामा पेनड्राइव्ह ठेवा.

मग कागद-पेन घ्या. घरातले बाकीचे फोन, टीव्ही त्याच वायफायवर चालतात का, विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४ बिट, हे लिहा. घड्याळही बघा. संगणक चालू केल्यावर तारीख दरवेळी जुन्या सालात जात असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरचा, सीआर २०३२ सेल संपला आहे. अशा वेळी वायफाय जोडलं जातं, पण ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवून साइट उघडत नाही आणि दोष बिचाऱ्या कार्डावर येतो. सेल स्वस्त आहे, एक आणून ठेवा.

आता डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या भागांची विंडोजमधली यादी. ही पायरी घाईने उरकू नका. कार्डाच्या चिन्हावर खाली वळलेला बाण असेल तर ते कोणीतरी बंद करून ठेवलेलं असतं, उजवं क्लिक करून चालू करा. गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) कोड २८ दिसला तर ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकलं नाही, तिथेही आधी ड्रायव्हर बदलून बघा. तिथेच ‘तपशील’मध्ये (डिटेल्स) हार्डवेअर आयडी निवडलात की ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे चार चिन्हं दिसतात: १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल. खोक्यावर किंवा स्टिकरवर कोणत्याही कंपनीचं नाव असो, ड्रायव्हर या चिपचा शोधायचा. पूर्ण आयडी कागदावर उतरवा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असेल तर ती खूण काढा. मधूनमधून तुटणारं वायफाय एवढ्यानेही सुधारतं.

राउटरचा पासवर्डही शोधून ठेवा, तोही त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीत दिसणारच नाही. राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल तर अमेरिकेच्या नियमांनुसार बनलेल्या कार्डाला तेही दिसत नाही; १, ६ किंवा ११ ठेवा. आणि राउटर बदलल्यापासूनच घोळ असेल तर सुरक्षेची सेटिंग बघा. डब्ल्यूपीए ३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत आली २०१८ मध्ये. राउटर फक्त तिच्यावर असेल तर जुनं कार्ड बहुधा जोडलंच जात नाही, म्हणून डब्ल्यूपीए २ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा.

एवढं करूनही कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नसेल, तर कॅबिनेट उघडायचं. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर आणि स्क्रू ठेवायला वाटी एवढं पुरतं. प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्डाला हात घाला. आधी मागचे अँटेना फिरवून काढा, आतला फोटो घ्या, ब्रॅकेटचा, म्हणजे कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीचा, स्क्रू सोडा आणि कार्ड सरळ वर ओढा. सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलका फिरवा, चुरा ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड बसायच्या खाचेत, जातात. कोकणात पावसाळ्यातून गेलेल्या यंत्रावर हा उपाय मी आवर्जून करून बघते. कार्ड परत बसवताना दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्यात लावा, म्हणजे स्लॉटचीही परीक्षा होते.

सिग्नलच कमकुवत असेल तर अँटेना घट्ट आहेत ना ते पाहा, आणि कॅबिनेटची पाठ भिंतीला लागली असेल तर ते पुढे ओढा. पत्रा सिग्नल अडवतो. शेजारी लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही २.४ गिगाहर्ट्‌झवर गोंधळ घालते, ती काढून बघा.

शेवटी कोणाकडून तरी यूएसबीचं वायफाय अडॅप्टर तासाभरासाठी मागून आणा. ते नीट चाललं आणि कार्ड चाललं नाही, तरच नवीन घ्या. दुकानात जाण्याआधी आतल्या फोटोत स्लॉट बघा: लांबट जुना पीसीआय की आखूड पीसीआय एक्स्प्रेस, कारण एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. कॅबिनेट बारीक असेल तर आखूड ब्रॅकेट मागा. ब्लूटूथवालं कार्ड घेत असाल तर मदरबोर्डवर यूएसबीची नऊ पिनांची जागा मोकळी हवी, नाहीतर वायफाय चालेल आणि ब्लूटूथ बंदच राहील.