सायन्समध्ये पीएचडी करताय? या चुका टाळा

एम.एस्सी. झाली, नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली, घरी पेढे वाटून झाले. आता पुढची पाच-सहा वर्षं कशी जाणार याचा बराचसा निकाल पहिल्या सहा महिन्यांत लागतो. विद्यार्थ्यांच्या संशोधन सल्लागार समित्यांवर मी बसतो. प्रयोग फसले म्हणून अडकलेले विद्यार्थी तिथे येतातच, पण साधा प्रश्न वेळेवर विचारला नाही म्हणून अडकलेले त्याहून जास्त येतात. ‘सरांना असं कसं विचारायचं?’ या संकोचात जे राहून जातं, तेच चौथ्या वर्षी अर्ज होऊन रजिस्ट्रारच्या टेबलावर जातं.

संस्थेचं नाव बघून गाइड ठरवणं

टीआयएफआर, आयसर, एनसीएल, आयआयटी ही नावं नातेवाइकांना सांगायला छान आहेत. रोजची गाठ मात्र एका माणसाशी आणि त्याच्या लॅबशी असते. गाइडला भेटायला जाताना त्यांचे पेपर वाचून जावेत, हे सगळ्यांना माहीत असतं. न विचारल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच: सर रिटायर कधी होणार, सध्या त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, प्रोजेक्टचा पैसा कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. (आयआयटी, आयसर यांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, तिथे चौकशी करा.) आता या नियमातली फट बघा. निवृत्तीला सव्वातीन वर्षं उरलेल्या सरांनी तुम्हाला घेतलं तर ते नियमाला धरूनच आहे, पण तुमची पीएचडी पाच वर्षं चालणार. निवृत्तीनंतर ते सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. तोवर लॅबची जागा, फ्रीजर आणि केमिकल्सचं बजेट कुणाच्या नावावर गेलेलं असेल? हे आधी विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

‘सर, मागच्या बॅचच्या एक-दोघांशी बोललं तर चालेल का?’ एवढं विचारा. चांगला गाइड लगेच नंबर देतो. जो विषय बदलतो, त्यानेही उत्तर दिलेलंच असतं. लॅबमध्ये सध्या असलेल्या मुलांपेक्षा बाहेर पडलेल्यांशी बोला. आत असलेला मुलगा दाराकडे एक डोळा ठेवूनच बोलणार.

आणि अडकलातच तर? गाइड बदलण्याची तरतूद असते, फक्त ती पहिल्या दीड वर्षात वापरली तर कामाची. थेट बदल मागण्याआधी सहमार्गदर्शक जोडून घेण्याचा मार्ग बघा. त्यात कुणाचा मान दुखावत नाही, आणि समितीलाही तो मंजूर करायला सोपा जातो.

दोन तारखा एकच समजणं

ही चूक सर्वांत महाग पडते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. फेलोशिप सुरू झाल्याची तारीख वेगळी आणि पीएचडीला प्रवेश झाल्याची तारीख वेगळी.

सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) किंवा यूजीसीची फेलोशिप साधारण पाच वर्षांची. पहिली दोन वर्षं जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ फेलोशिप, महिना 37,000 रुपये. नंतर एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, 42,000. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे, घरभाडं वेगळं. मोजणी तुम्ही जॉइन झाल्या दिवसापासून. विद्यापीठातली मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. अनेक मुलं आधी जॉइन होतात आणि प्रवेशाची प्रक्रिया आठ-दहा महिन्यांनी पूर्ण होते. म्हणजे विद्यापीठाच्या हिशेबात जवळपास पावणेदोन वर्षं शिल्लक असताना खात्यात पैसे येणं बंद होतं. थिसिस लिहायचा तो नेमका याच काळात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात फेलोशिप संपण्याचा महिना आणि वर्ष काढा आणि गाइडला सांगा: ‘सर, माझी फेलोशिप अमुक महिन्यात संपते. तोवर कुठवर पोचायला हवं?’ तक्रारीचा सूर न लावता तारीख समोर ठेवली की सरही हिशेब करायला लागतात.

एसआरएफ आपोआप मिळत नाही. दोन वर्षं झाल्यावर समितीपुढे मूल्यांकन होतं, तिच्यात बाहेरचा तज्ज्ञ लागतो आणि त्या तज्ज्ञाची तारीख लवकर मिळत नाही. दोन-तीन महिने आधी कागद हलवा. प्रोजेक्टवरचे जेआरएफ असाल तर तुमचा पगार प्रोजेक्टबरोबर संपतो, त्यामुळे प्रोजेक्टचं मंजुरीपत्र बघायला मागा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर असलेल्यांनी हप्ते मागेपुढे होणार हे धरूनच चालावं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर मेसवाल्यासमोर मान खाली घालावी लागत नाही.

मुलींसाठी आणखी एक. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण पीएचडीच्या काळात 240 दिवसांपर्यंत रजा आणि कमाल मुदतीत दोन वर्षांची वाढ 2022 च्या नियमांत आहे. ऑफिस हे आपण होऊन सांगेलच असं नाही. नियमाची प्रत घेऊनच जा.

‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘फायनल नवीन’

उणे 80 च्या फ्रीजरमधला एखादा खोका काढून बघा. नऊ गुणिले नऊ, 81 ट्यूब. झाकणांवर मार्करने लिहिलेलं असतं: ‘C2 नवीन’, ‘C2 नवीन (चांगलं)’, आणि एक तारीख, वर्ष न घातलेली. अर्ध्या झाकणांवर नुसता निळा डाग, कारण इथेनॉल लागलेल्या ग्लव्हजने ट्यूब धरली की मार्करची शाई जाते. ज्याने लिहिलं तो जर्मनीत. त्याला व्हॉट्सॲप केलं तर रात्री उत्तर येतं, ‘बहुतेक दुसऱ्या म्युटंटचं असेल, बघून घे.’ त्या ‘बहुतेक’वर पुढचं वर्ष उभं राहतं.

झाकणावर कहाणी लिहू नका. वही क्रमांक, पान क्रमांक आणि ट्यूब क्रमांक, बस. 3-47-2 असं. बाकी सगळं वहीच्या 47 व्या पानावर, फसलेला प्रयोगसुद्धा. थंडीत टिकणारी लेबलं महाग वाटतात, पण एका वाया गेलेल्या प्रयोगापुढे काहीच नाहीत. वारशात असा खोका मिळालाच असेल तर अंदाजावर पुढे जाऊ नका. प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) असेल तर सीक्वेन्सिंगला पाठवा, पेशी असतील तर त्यांची ओळख तपासून घ्या. आठवडा जाईल, जाऊ द्या. डेटाची एक प्रत संस्थेच्या सर्व्हरवर हवीच. लॅपटॉप चोरीला गेल्यावर पोलीस लॅपटॉप शोधतात, ग्राफ शोधत नाहीत.

घाईघाईने पेपर छापणं

यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतून 2018 च्या मे महिन्यात 4,305 जर्नल्स काढून टाकावी लागली. त्यानंतर निवडक जर्नल्सची केअर यादी आली, तिच्या छाननीचं काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षात चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे आता ‘यादीत होतं सर’ हे उत्तर चालणार नाही.

थिसिस देण्याआधी पेपर छापलेलाच हवा ही अट यूजीसीने 2022 मध्ये काढली. तुमच्या विद्यापीठाने ठेवली आहे का ते बघा. नसेल तर पैसे मोजून कुठेतरी छापायचं कारणच उरत नाही. दुसऱ्या वर्षातल्या पोराला ‘थोर प्राध्यापक महोदय’ म्हणणारा मेल आणि तीन दिवसांत स्वीकृती, बोगस जर्नल ओळखायला एवढं पुरे. पाठवून बसला असाल तर फी भरण्याआधी लेखी माघार घ्या आणि मेलमध्ये गाइडला ठेवा. माघारीसाठी पैसे मागितले तर देऊ नका. तोच पेपर नंतर चांगल्या जर्नलला पाठवताना संपादकांना झालेला प्रकार स्पष्ट कळवा.

नावांचा क्रम हा दुसरा वादाचा विषय. आकृत्यांची यादी तयार झाली की, पहिला मसुदा लिहिण्याआधी, विचारून टाका. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असा रिवाज आहे. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमाने येतात, तिथे हा प्रश्नच नाही. तोंडी ठरल्यावर एक छोटा मेल टाका:

‘सर, आज बोलल्याप्रमाणे पहिल्या तीन आकृत्या माझ्या आणि चौथी सीनियर दादाची, आणि पहिलं नाव माझं, असं मी धरतो आहे. काही बदल असेल तर सांगावं.’

यात कुणाला टोचेल असं काही नाही, आणि दोन वर्षांनी याच मेलचा आधार असतो.

समितीपुढे फक्त चांगले ग्राफ

दर सहा महिन्यांच्या सादरीकरणात मुलं चालणारे प्रयोग दाखवतात आणि न चालणारे लपवतात. समितीत बसलेल्यांनी आयुष्यभर फसलेले प्रयोगच पाहिलेले असतात हो! अडचणीची एक स्लाइड ठेवा, शीर्षकच ‘इथे अडलोय’ द्या. शिवाय समितीच्या इतिवृत्तात नोंदलेली अडचण मुदतवाढ मागताना कामी येते.

अडचण प्रयोगाची नसून मनाची असेल तर समितीची वाट बघू नका. झोप उडणं, लॅबच्या इमारतीकडे पाय न वळणं हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर संस्थेच्या समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

वायवा (शेवटची तोंडी परीक्षा) झाल्यावर पुढचं बघू, असं म्हणणं

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, संधींना वयाची किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांची अट असते. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला सर्वसाधारण गटासाठी 32 वर्षं, राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला 35. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपसाठी पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंत, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. ताजी जाहिरात नेहमी वाचा, पण या अटी तिसऱ्या वर्षीच माहीत असाव्यात.

‘तोवर तासिका तत्त्वावर शिकवतो’ म्हणून सीएचबीवर गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. शिकवणं वाईट नाही. पण तासावर पैसे, सुट्टीत शून्य आणि संशोधनाला वेळ नाही, असं करत तीन वर्षं गेली की पेपरच्या यादीत खिंडार पडतं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. जायचंच असेल तर जुन्या लॅबमधला एखादा अर्धा राहिलेला पेपर बरोबर न्या आणि तो कधी पाठवायचा हे गाइडशी बोलून ठरवा.

पोस्टडॉकसाठी प्रोफेसरांना लिहिताना एकच मजकूर पन्नास जणांना जातो आणि एकाचंही उत्तर येत नाही. पाच जणांना लिहा. त्यांच्या एका पेपरमधला एक प्रश्न, तुमच्या हाताला येत असलेलं तंत्र आणि कधीपासून येऊ शकता, एवढं दहा ओळींत बसवा. शिफारसपत्र देणाऱ्यांना किमान तीन आठवडे आधी सांगा आणि बरोबर तुमचा सीव्ही आणि अर्जाची प्रत द्या. तीन पत्रं लागतात, गाइडचं त्यातलं एक. बाकीच्या दोघांना तुमचं काम माहीत हवं, म्हणून समितीतल्या एखाद्या बाहेरच्या सदस्याला सादरीकरणानंतर चहाला थांबवून घ्या.