वैकल्पिक संवाक्य आणि रिलेव्हंट लॉजिक : या चुका टाळा

ठाण्यात रविवारी माझ्याकडे तर्कशास्त्र वाचायला येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी सांगतात की, रिलेव्हंट लॉजिकवाल्यांना (म्हणजे आधारविधाने आणि निष्कर्ष यांत खरा संबंध हवा असे मानणाऱ्यांना) 'अ किंवा ब, अ नाही, म्हणून ब' एवढे साधे वैकल्पिक संवाक्यही मान्य नाही. ही सर्वांत हट्टी चूक आहे. या तर्कशास्त्राचे प्रमुख पुरस्कर्ते अँडरसन आणि बेलनॅप यांचा आक्षेप 'किंवा'च्या एकाच अर्थावर आहे: 'दोहोंपैकी निदान एक खरे', एवढ्याच. ज्या 'किंवा'त 'अ नसेल तर ब' असा संबंध अभिप्रेत असतो, तेथे हे संवाक्य त्यांनाही चालते; मात्र त्या 'किंवा'ला 'अ, म्हणून अ किंवा ब' हा वृद्धीचा नियम लागू पडत नाही. दोन्ही नियम एकाच 'किंवा'ला लावले की, लुइस आणि लँगफर्ड यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाप्रमाणे, 'अ' आणि 'अ नाही' यांतून वाटेल ते विधान निघते.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हे प्रत्यक्ष घडले. पाण्याच्या टँकरच्या नोंदी तपासण्यासाठी माझ्या एका विद्यार्थ्याने छोटा प्रोग्राम लिहिला होता. एके दिवशी रजिस्टरमध्ये 'टँकर आला' अशी नोंद होती आणि त्याच तारखेसमोर दुसऱ्या पाळीच्या वॉचमनने लाल पेनाने 'आला नाही' असे लिहिले होते. प्रोग्रामने पहिल्या नोंदीवरून 'टँकर आला किंवा पंप जळला' हे विधान तयार केले, दुसऱ्या नोंदीच्या आधारे त्यातला टँकर वगळला आणि पंप जळल्याचे जाहीर केले. सेक्रेटरींनी मेकॅनिकला बोलावले. पंप ठणठणीत होता, व्हिजिटचे पैसे मात्र गेले. विद्यार्थी वॉचमनला दोष देत राहिला. माझ्या मते दोष त्या 'किंवा'चा होता, कारण तो केवळ टँकरच्या नोंदीवर उभा होता आणि तीच वगळल्यावर त्याला आधार उरला नव्हता. तेव्हापासून कोणताही 'किंवा' वापरण्यापूर्वी तो कोठून आला, हे मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो.

घाईत असलेल्यांची दुसरी लाडकी चूक म्हणजे तर्कशास्त्रज्ञ मायर आणि डन यांच्या १९६९ च्या सिद्धतेचा हवाला देऊन वैकल्पिक संवाक्याचा वाद मिटल्याचे सांगणे. त्यांनी दाखवले ते इतकेच की, 'अ' आणि 'अ नाही किंवा ब' ही दोन्ही 'आर' किंवा 'ई' या रिलेव्हंट लॉजिकच्या प्रणालीची प्रमेये (तिच्यात सिद्ध होणारी विधाने) असतील, तर 'ब' हेही तिचे प्रमेय असते. वॉचमनची नोंद काही प्रमेय नसते. 'आर'वर उभारलेल्या अंकगणितात तर हा नियम टिकत नाही, हे फ्रीडमन आणि मायर यांनी १९९२ मध्ये दाखवले.

'अ नाही किंवा ब' याला 'अ असेल तर ब' समजून मॉडस पोनन्स ('अ असेल तर ब, अ आहे, म्हणून ब') लावू नये. वेश बदललेले ते तेच वैकल्पिक संवाक्य आहे.

दोन मूल्यांचे सत्यता-कोष्टक दाखवून वाद जिंकू पाहणाऱ्यांनी बेलनॅप यांचे चार मूल्यांचे (सत्य, असत्य, दोन्ही, एकही नाही) कोष्टक एकदा स्वहस्ते भरावे: 'अ'ला 'सत्यही आणि असत्यही', 'ब'ला नुसते 'असत्य' दिले की 'अ किंवा ब' आणि 'अ नाही' ही दोन्ही आधारविधाने टिकतात आणि 'ब' हा निष्कर्ष पडतो.

तर्कशास्त्रज्ञ बर्जेस यांचा रिलेव्हंट लॉजिकवरचा १९८१ चा आक्षेप न वाचता बाजू घेणे हीदेखील चूकच. त्यांच्या पत्त्यांच्या खेळात खेळ चालवणारा समोरची पाने पाहूनच विधान करतो, त्यामागे दुसरा कोणताही संबंध नसतो; तरीही ऐकणारा खेळाडू वैकल्पिक संवाक्याने योग्य उत्तर काढतो. तेथे 'किंवा' कोठून आला हे त्या खेळाडूला दिसतच नाही आणि माझी पेन्सिल निरुपयोगी ठरते.