फ्रेमच्या पोकळीत बोल्ट ओढून घेण्याची सोपी रीत

अमेरिकेत पिकअप ट्रकला घरच्या घरी फिफ्थ-व्हील हिच (मोठा ट्रेलर ओढण्यासाठी ट्रकच्या हौद्यात बसवायची जोडणी) बसवताना खरा वेळ खातो तो फ्रेमच्या (ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) पोकळ भागात बोल्ट घालण्याचा टप्पा, कारण भोकाच्या मागच्या बाजूला हात पोहोचत नाही आणि सुटलेला बोल्ट आतच घरंगळतो.

त्यासाठी एका टोकाला स्प्रिंगसारखी वेटोळी असलेली तार वापरावी. अनेक किटमध्ये ती दिलेलीच असते. तारेचे वेटोळ्याचे टोक बोल्टच्या भोकातून आत सारून फ्रेमच्या जवळच्या मोठ्या भोकातून बाहेर काढावे, त्यावर आधी चौकोनी लोखंडी पट्टी ओवावी, मग बोल्टचे आटे वेटोळ्यात फिरवून घट्ट बसवावेत, आणि पट्टी व बोल्ट याच क्रमाने आत ढकलून तार दुसऱ्या बाजूने हलकेच ओढावी. बोल्ट बाहेर डोकावला की तो धरून ठेवून तार उलटी फिरवून काढावी आणि लगेच नट हाताने लावावा.

सर्व नट सैलच ठेवून वरच्या रेलवर (हौद्यातल्या ज्या पट्ट्यांवर हिच बसते त्यांवर) हिच प्रत्यक्ष बसवून पाहावी; ती नीट बसली की मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतील मापानुसार नट आवळावेत. हा क्रम चुकवू नये, कारण आधी आवळलेल्या रेल किंचित तिरक्या राहिल्या तरी हिच त्यांत उतरत नाही.

ट्रकच्या हौद्यात भोक पाडण्यापूर्वी मात्र खाली जाऊन इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते स्वतः पाहावे, आणि आधी बारीक भोक पाडून जागेची खात्री करून घ्यावी.