गोड किती यापेक्षा कितीदा: दात-हिरड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

दाढ किडली की नागपुरात पहिला दोष संत्रा बर्फीला. बिचारी बर्फी! जेवणानंतर एक तुकडा खाऊन खळखळून चूळ भरली तर ती फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो दिवसभराचा चहा. सकाळी घरी, मग ऑफिसात, मग टपरीवर, संध्याकाळी पुन्हा, आणि दरवेळी जोडीला बिस्कीट. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत तिचं आम्ल करतात. तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, क्षार विरघळू लागतात. लाळ ही झीज सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचा कप आला तर सावरायचं कधी?

चमचे मोजायचे आणि वेळा मोजायच्या नाहीत, ही सगळ्यांत मोठी चूक. चहा सोडा म्हटलं तर नागपुरात कोणी ऐकणार नाही. मधले कप बिनसाखरेचे घ्या, बिस्कीट जेवणालाच जोडून खा. बाकी चमच्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच ठेवलेली उत्तम, म्हणजे जेमतेम सहा चमचे.

‘मी तर गोड खातच नाही’ म्हणणारेही फसतात. चिवडा, शेव, मैद्याचे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून बसतात आणि लाळ त्यातल्या पिठाचीच साखर करते. तर्री पोह्यांनंतर चहाच्या आधी साध्या पाण्याची एक चूळ भरायला काय जातं?

थंड पाण्याने दात शिवशिवतात? मग आंबट कसं खाता ते तपासा. संत्री जरूर खा, पण एका बैठकीत. एकेक फोड तासभर चोखत बसणं किंवा ४५ अंशांच्या उन्हात लिंबूपाण्याची बाटली घोटघोट पुरवणं म्हणजे दातांना आम्लात भिजत ठेवणं. तहानेला साधं पाणी किंवा माठातलं पाणीच प्या. तोंड कोरडं पडलं की लाळेचं संरक्षणही कमी होतं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश घासू नका. इनॅमल तेव्हा मऊ झालेलं असतं, अर्धा तास थांबा.

हिरडीतून रक्त आलं की लोक दोन गोष्टी करतात: तिथे ब्रश लावणं सोडतात आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करतात. हंगामभर संत्री खाणाऱ्या घरात ही कमतरता क्वचितच असते. रक्त बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे येतं. मऊ ब्रशने तीच जागा रोज हलक्या हाताने साफ करा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात.

लहान मुलाला झोपताना गोड दुधाची बाटली देऊ नका. झोपेत लाळ कमी सुटते, समोरचे दात झपाट्याने किडतात.

आता खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. आहाराच्या लेखात याचं काय काम, असं वाटेल. पण पानठेल्यावरची पुडी दिवसात जेवणापेक्षा जास्त वेळा तोंडात जात असेल तर तिला वगळून कसं चालेल? गालात जिथे खर्रा धरतात तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. सुपारीने दात झिजतात ते वेगळंच. दाढ दुखते म्हणून तंबाखू दाबून ठेवणारे आणि ‘आपण फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही’ म्हणणारे, दोघंही चुकतात. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, आणि गालाची आतली कातडी तीच कडक करते. आधी जेवणच बोलायला लागतं: ज्याला सावजी रस्सा घाम पुसत पुसत जायचा, त्याला साधी भाजीही झोंबायला लागते. पुढे तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जाईनाशी होतात. यातलं काहीही जाणवलं, किंवा गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर खर्रा त्याच दिवशी बंद करा आणि नागपुरातल्या मेडिकलजवळच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळच्या) शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊन तोंड तपासून घ्या.