कॉट्सवोल्ड्समध्ये निवांत सायकल फिरायची आहे? या चुका टाळा

लंडन, स्लाउ, रीडिंगकडची आपली मंडळी उन्हाळा लागला की सायकली घेऊन कॉट्सवोल्ड्स गाठतात. मधाच्या रंगाच्या दगडी भिंती, नदीकाठची चर्चं, गाडी क्वचितच येते अशा अरुंद वाटा. हळूहळू सायकल चालवायला इंग्लंडात याहून चांगला मुलूख मला तरी माहीत नाही. तरीही कितीतरी सहली दुपारपर्यंत रडकुंडीला येतात आणि खापर पावसावर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा घरीच झालेलं असतं. दिवसाचे किलोमीटर आधी ठरवले जातात आणि चढ, जेवण, परतीची गाडी हे सगळं त्यात कोंबलं जातं. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी चढ बघा, मग जेवणाची वेळ, मग गाडी, आणि त्यातून उरेल तेवढं अंतर.

चढ न बघता रस्ता आखणं

फोटोंत हा भाग सपाट वाटतो, पण तसा तो नाही. सगळा प्रदेश एका बाजूने टेकू देऊन उचललेल्या पाटासारखा आहे. पश्चिमेची कड एकदम उभी, तर पूर्वेकडे, ऑक्सफर्डच्या दिशेने, जमीन सावकाश उतरत जाते. ब्रॉडवे गाव या कडेच्या पायथ्याशी आहे आणि ब्रॉडवे टॉवर माथ्यावर, ३१२ मीटर उंचीवर. नकाशात दोघांमध्ये जेमतेम दोन-तीन बोटांचं अंतर दिसतं, पण सामान लादलेली सायकल घेऊन ते चढताना पहिल्याच तासात पाय भरून येतात. म्हणून पहिल्या वेळी पूर्वेकडून सुरुवात करा. किंगम स्टेशनवर उतरून ब्लेडिंग्टन, विक रिसिंग्टन, बोर्टन-ऑन-द-वॉटर आणि लोअर आणि अप्पर स्लॉटर ही दोन गावं बघून परत यायचं. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात आणि दिवस भरगच्च जातो.

पूर्वेकडेही दऱ्या आहेतच. नदीला धरून जाणारा रस्ता सुखाचा, नदी ओलांडून पलीकडच्या दरीत जाणारा घामाचा. विंडरश नदीकाठी नॉन्टन आणि गायटिंग पॉवर ही गावं आहेत, तिकडे एक अख्खा दिवस द्या. स्टो-ऑन-द-वोल्ड मात्र सुमारे ८०० फुटांवर, टेकडीच्या डोक्यावर वसलंय. दरीतून कुठूनही या, शेवटी चढायचंच आहे. जेवून लगेच हा चढ घेऊ नका.

हे सगळं आधी कळण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर नकाशा घ्या. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा दर १० मीटरला. रस्त्यावर छोटा बाण दिसला तर तिथे साताला एक ते पाचाला एक, म्हणजे सात ते पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे. दोन बाण असतील तर त्याहूनही उभा. बाणाचं टोक उताराकडे असतं. दोन बाणांच्या रस्त्यावर समोरून चढायचा बेत असेल तर दुसरी वाट शोधा. गिअर चढ सुरू होण्याआधीच हलका करा. पेडलवर पूर्ण जोर पडल्यावर बदलायला गेलात तर साखळी अडकते किंवा उतरते.

फोन नेईल तिकडे जाणं

ए ४२९ हा रस्ता मूळचा रोमन फॉस वे. सरळसोट असल्याने फोनला तो फार आवडतो. पण त्यावर बऱ्याच ठिकाणी गाड्या ताशी ६० मैलांनी, म्हणजे जवळपास ९६ किलोमीटरने जातात. निवांत फिरायला आलेल्याने तो फक्त ओलांडावा. नकाशातले पिवळे रस्ते आपले.

दुसरी अडचण शेतातल्या वाटांची. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे घोड्यांची वाट. १९६८च्या कायद्याने तिथे सायकलला परवानगी मिळाली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. परवानगी असली तरी पावसानंतर तिथला चिखल चाकाला असा धरतो की सायकल उचलूनच न्यावी लागते. बारीक टायर असतील तर निळ्या बाणाच्या नादी लागू नका.

रस्त्यावर घोडा दिसला तर मागून गुपचूप जाऊ नका, तो बिचकतो. लांबूनच हाक द्या, वेग कमी करा आणि भरपूर अंतर ठेवून पुढे जा.

अप्पर स्लॉटरला रस्ता ओढ्यातून जातो. पाणी उथळ दिसतं, पण तळाला शेवाळ असतं आणि सायकल क्षणात घसरते. पादचाऱ्यांसाठी शेजारी पूल आहे, उतरा आणि त्यावरून ढकलत न्या. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी दांड्यांवरून जाताना हँडल सरळ ठेवा, मध्येच वळवू नका.

ट्यूब बदलली, काटा तसाच

सप्टेंबरपासून पुढे जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताच्या कुंपणाची झुडपं छाटायला मनाई असते. बंदी उठली की ट्रॅक्टर फिरतात आणि हॉथॉर्नचे काटे वाटेवर पसरतात. काटा टायरमध्ये शिरला की बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. घाईघाईने नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही बसते.

म्हणून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते बघून ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, मग ट्यूब टायरशेजारी धरली की काटा कुठे असेल ते लगेच कळतं. टायरच्या आतून नुसतं बोट फिरवू नका, हाताला सुती रुमाल गुंडाळा. जिथे धागा अडकेल तिथे काटा.

भोक रिमच्या बाजूला असेल तर काट्याचा संबंध नाही, आरा टोचतोय किंवा रिमची पट्टी सरकलीये. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चिमटली. भाड्याची सायकल घेतली असेल तर दुकानातच पंप लावून बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आणि गाडीसारखा जाड व्हॉल्व्ह, दोन्हींना प्रत्येक पंप चालत नाही.

जेवणाची वेळ हुकवणं

गावातला पब उघडा दिसतो म्हणून स्वयंपाकघरही चालू असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण बारा ते दोन-अडीच, मग थेट संध्याकाळी सहाला. सोमवारी अनेकांचं स्वयंपाकघर बंद. चहाची दुकानं चार-पाचला आवरतात. म्हणजे अडीच वाजता तुम्ही कुठे असणार हे सकाळीच ठरवायला हवं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि पिशवीत दशम्या, थेपले, चिक्की असू द्याच. जेवायला बसलात की बाटली भरून मागा. इंग्लंडात पबने गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं.

सायकलस्वार आणि गावची खानावळ हे इथलं जुनं नातं आहे. १८७८ साली हॅरोगेटला सायकल पर्यटकांचा क्लब निघाला, आजची सायकलिंग यूके ही संस्था तीच. सायकलवाल्यांची सोय होते अशा खानावळींवर तिची पंख असलेल्या चाकाची पाटी लागायची. काही जुन्या भिंतींवर ती अजून दिसते, सापडली तर जरूर थांबून बघा.

बारीकसारीक दुखणी

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर फार वर. पेडल अगदी तळाला असताना त्यावर टाच टेकवा, पाय सरळ झाला की उंची बरोबर. जूनमध्येही पावसाचं जाकीट पिशवीच्या तळाशी नको, वरच हवं. दिशा ठरवताना वारा बघा. इथे तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सकाळी ताजेतवाने असताना त्याला तोंड द्या आणि दुपारी पाठीवर घेऊन परता.

शेवटच्या गाडीवर भिस्त

कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेत लंडनच्या अनेक गाड्यांत अखंड सायकल चालत नाही, घडीची चालते. इतर वेळीही लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलींना मोजक्याच जागा असतात, तेव्हा तिकिटाबरोबरच सायकलची जागा राखून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्या भरवशावर ऑक्टोबरचा बेत आखू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. जागा शेवटच्या गाडीत नको, तिच्या आधीच्या गाडीत घ्या. वाटेत एखादं पंक्चर झालं तरी घरी जायला अजून एक गाडी हातात राहते.