सेमी इंग्रजीचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

सेमी इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी विषय मराठीत. वार्षिक परीक्षा झाली की सेमी आणि मराठी अशा दोन तुकड्यांची सरासरी काढायची आणि कृती संशोधनाच्या (शिक्षकानं आपल्याच वर्गावर केलेल्या अभ्यासाच्या) अहवालात लिहायचं, ‘सेमी इंग्रजीची मुले पुढे आहेत.’ सोलापुरातल्या शाळेनं तरी हे वाक्य इतक्या लवकर लिहू नये.

भाषा जनरल रजिस्टरवरून उचलणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. शाळेच्या या प्रवेश-नोंदवहीत ‘मातृभाषा : मराठी’ असतं आणि शहराच्या पूर्व भागातल्या त्याच पोराचं आजीशी सगळं बोलणं तेलुगूत चालतं. पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात हे रोजचंच आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात काही घरांत दखनी उर्दू. अशा मुलाला मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. आपण मात्र मराठी आणि इंग्रजी एवढंच मोजतो.

‘मातृभाषा कोणती?’ असं विचारलं की दाखल्यावरचं उत्तर येतं. त्यापेक्षा आजीशी काय बोलतोस, धाकट्या भावाशी काय, गल्लीत खेळताना काय, असं सुटं सुटं विचारा. सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा चर्चा त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचीच जास्त झाली. पुरस्कार देणाऱ्यांनी दिलेल्या माहितीत आणखी एक काम आहे : मुलांच्या घरी कन्नड बोलतात हे ओळखून ती भाषा शिकणं आणि पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणणं, हे मला त्याहून मोठं काम वाटतं.

दोन तुकड्यांची थेट तुलना

सेमीची तुकडी कशी भरली, ते आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी पाचवीला चाचणी घेऊन किंवा चौथीचे गुण बघून मुलं निवडतात, शिकवणी परवडणारे पालकही तिकडेच वळतात. मग वर्षअखेरीस दिसणारा फरक जूनमध्येच होता. त्यात ज्याला झेपत नाही त्याला मधेच मराठी तुकडीत पाठवतात, आणि त्याचे कमी गुण त्या तुकडीच्या नावावर चढतात!

ही चूक जुनी आहे. दोन भाषांमुळे मुलांची बुद्धी मागे पडते असं एके काळी संशोधकही मानत. गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषिक मुलांशी केली की निष्कर्ष तसाच येणार. 1962 मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये आर्थिक स्तर सारखा ठेवून मुलं तपासली, तर द्विभाषिक मुलं सरस निघाली. अर्थात त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं घेतली होती, म्हणून त्यांच्यावरही निवडीचा आक्षेप आलाच.

उपाय : जूनमध्ये दोन्ही तुकड्यांना एकच पायाभूत चाचणी द्या आणि प्रत्येक मूल तिथून किती पुढे गेलं ते मोजा. तुकडी बदललेल्या मुलाला मूळ तुकडीतच धरा.

गणित तपासायला जाऊन इंग्रजी तपासणं

एका गठ्ठ्यात 12 टॉवेल, असे 5 गठ्ठे, त्यातले 18 विकले, तर किती उरले? हेच इंग्रजीत लिहून दिलं की हुशार मुलगीसुद्धा अडते आणि आपण ‘गणित कच्चे’ असा शेरा मारतो. त्याच धर्तीचं उदाहरण, आकडे बदलून, तीन प्रकारे द्या : इंग्रजीत लेखी, घरच्या भाषेत तोंडी, आणि शब्दांशिवाय नुसती आकडेमोड. मधे काही दिवस जाऊ द्या. अर्ध्या मुलांना आधी इंग्रजी, अर्ध्यांना आधी घरची भाषा, नाहीतर सरावाचा फायदा भाषेच्या खात्यात जमा होतो. तोंडी जमलं आणि लेखी अडलं, तर भाषा आणि वाचन तपासा. आकडेमोडही चुकली, तर गुणाकार-वजाबाकी पुन्हा शिकवा, माध्यमाला दोष देऊ नका.

स्नेहसंमेलनातल्या इंग्रजीवर भुलणं

स्टेजवर फाडफाड बोलणारं मूल विज्ञानाचा उतारा समजून वाचेलच असं नाही. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण 2 वर्षांत येते, विषय शिकण्याइतकी यायला 5 ते 7 वर्षं लागतात. तेही भाषा भोवताली सतत कानावर पडत असताना. एका वर्षात सेमी यशस्वी की अयशस्वी हे ठरवण्याची घाई म्हणूनच नको.

वर्गनिरीक्षणही आधी कळवून केलेलं फारसं उपयोगाचं नाही. दर मिनिटाला कोण बोललं, कुठल्या भाषेत आणि कशासाठी, एवढीच खूण करा. बाई व्याख्या इंग्रजीत सांगून समजावताना मराठीवर आल्या, तर ते दोष म्हणून नोंदवू नका. धडा कळतो तो बहुधा तिथेच.

राहिली पालकांची प्रश्नावली. शाळेच्या लेटरहेडवर, मुलाच्या हातून पाठवलेल्या कागदावर सगळेच ‘समाधानी’ असतात. विड्या वळत बसलेल्या आईशी तेलुगूत बोला, आणि बोलायला जाणारी व्यक्ती तिच्या मुलाच्या वर्गशिक्षिका नकोत.